गोडी सोपी, उगवण अवघड: स्वीट कॉर्नचा वाण शेतकरी गटाने स्वतः घडवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यातला एक शेतकरी गट बरीच वर्षं स्वीट कॉर्न पिकवतोय. बियाणं दर हंगामाला विकत आणायचं, तेही साध्या मक्याच्या कितीतरी पट भावाने. हवा तो वाण ऐन पेरणीत दुकानात नसतो, आणि पावसाळ्यात भारी जमिनीत उगवण विरळ होते. गटातली तरुण मंडळी विचारतायत: आपण स्वतःचा सुधारित वाण तयार करू शकतो का? किती वर्षं लागतील? आणि घरचं बी धरलं की गोडवा जातो म्हणतात, ते खरं का?

वाण तयार करू शकता. साधारण पाच वर्षं धरून चला. मक्याची पैदास हेच माझं आयुष्यभराचं काम, त्यामुळे हे उत्साहाच्या भरात म्हणत नाही. एक गोष्ट मात्र आधीच मनात पक्की करा. बहुतेक जण गोडव्यापासून सुरुवात करतात, आणि तिथेच वर्षं वाया जातात. गोडवा एका जनुकातून येतो, तो आयता मिळतो. ओल्या काळ्या मातीतून वर येणारं रोप, दातात न अडकणारी साल, टोकापर्यंत पाल्याने झाकलेलं कणीस, करप्यातही हिरवं राहणारं पान, या गोष्टी मात्र अनेक जनुकांच्या असतात. त्या पिढ्यान्‌पिढ्या निवडूनच मिळतात. पैदासकाराची मेहनत सगळी तिथे लागते.

आधी गोडव्याचं उरकून घेऊ. साध्या मक्याच्या दाण्यात साखर येते आणि तिचा पटापट स्टार्च होतो. स्वीट कॉर्नमध्ये ही साखळी कुठेतरी तुटलेली असते. ही तूट निसर्गात आपोआप झालेली आहे, बाहेरचा जनुक घालून केलेली नाही. जुन्या प्रकारात एसयू-१ नावाचा जनुक बिघडलेला असतो. अमेरिकेत १९०२ मध्ये बाजारात आलेला गोल्डन बँटम हा प्रसिद्ध वाण याच गटातला. त्याचा दाणा मलईदार आणि चवीला सुरेख असतो, पण तोडल्यावर साखर झपाट्याने उतरते. आपल्या उन्हात तीस अंशांना एका दिवसात निम्म्याहून अधिक साखर गेलेली असते. मग १९५३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाचे जॉन लॉफनन यांनी एसएच-२ या दुसऱ्या बिघडलेल्या जनुकाचा दाण्यातल्या साखरेवरचा परिणाम मांडला. इथे स्टार्च तयार होण्याची सुरुवातीची पायरीच अडते. त्यामुळे साखर दुपटीहून जास्त साठते आणि तोडणीनंतर कित्येक दिवस टिकते. दाणा वाळला की आत भरायला स्टार्चच नसल्याने तो सुरकुततो. आपल्या बाजारातले बहुतेक संकरित वाण या दुसऱ्या गटातले आहेत. तिसराही एक जनुक आहे, बीटी-१. कापसातल्या बीटीशी त्याचा काही संबंध नाही. हवाई बेटांवर जेम्स ब्रूबेकर यांनी तो उष्ण प्रदेशातल्या मक्यात आणला आणि हवाईयन सुपरस्वीट नंबर ९ हा सरळ वाण, म्हणजे संकरित नसलेला, बी घरी धरता येणारा वाण दिला. अमेरिकेच्या थंड भागातलं स्वीट कॉर्न उष्ण प्रदेशात रोगाने बसतं, तेव्हा गोडव्याचा जनुक तिथला घ्यायचा आणि झाड इथलं ठेवायचं, ही त्यांची वाट आपल्यालाही लागू पडते.

हे तिन्ही जनुक अप्रभावी आहेत. म्हणजे दोन्ही बाजूंनी, आईकडून आणि बापाकडून, तोच बिघडलेला जनुक आला तरच दाणा गोड होतो. शेतकऱ्याला पडणारे अर्धे प्रश्न या एका वाक्यात सुटतात. एसएच-२ च्या मिशीवर, म्हणजे कणसाच्या टोकाच्या केसांवर, साध्या मक्याचा पराग पडला की तो दाणा त्याच हंगामात भरीव आणि पिठूळ होतो. एसएच-२ वर एसयू-१ चा पराग पडला तरी तेच होतं, कारण एकाची तूट दुसरा भरून काढतो. दोन गोड वाण शेजारी लावले आणि दोन्हींच्या कणसात पिठूळ दाणे आले, तर त्याचं कारण हे.

आता घरच्या बियाण्याचा प्रश्न. संकरित स्वीट कॉर्नचे दोन्ही पालक जर एसएच-२ चे असतील, तर त्याचं घरी धरलेलं बी पुढच्या पिढीतही शंभर टक्के एसएच-२ च राहतं. गोडव्याचा मूळ जनुक कुठेही जात नाही. तो गेल्यासारखा वाटतो तो शेजारच्या मक्याच्या परागामुळे. खरं जे जातं ते वेगळंच असतं: संकराचा जोम जवळपास अर्ध्याने घटतो, उंची मागेपुढे होते, कणसं लहानमोठी येतात, फुलोरा पसरतो. बाजारात माल विकणाऱ्याला हे परवडत नाही. पण पैदास करणाऱ्याला हीच विविधता हवी असते, निवड करायला तीच तर कच्चा माल. अपवाद एकच. काही नव्या वाणांमध्ये दोन-तीन गोड जनुकांची मिसळ असते. त्यांच्या पुढच्या पिढीत दाणे निरनिराळ्या प्रकारचे निघतात. अशी कणसं वाळल्यावर डोळ्यांनीच ओळखू येतात: काही दाणे काचेसारखे सुरकुतलेले, काही चपटे आत बसलेले.

इथून पुढे मी एसएच-२ धरूनच बोलतो, कारण तुमचा माल वाशी आणि पुण्याच्या बाजारात जातो आणि वाटेत त्याचा एखादा दिवस तरी मोडतो.

एसएच-२ ने साखर दिली आणि उगवण घेतली. दाण्यातला स्टार्च ही अंकुराची शिदोरी असते. ती नसल्यामुळे बियाचं वजन साध्या मक्याच्या साधारण निम्मं भरतं, आणि रोपाला पहिले आठ-दहा दिवस काढणं जड जातं. त्यात सुरकुतलेल्या बियाच्या सालीला बारीक तडे असतात. त्यातून पाणी भसकन आत शिरतं, आतल्या पेशी फाटतात, साखर बाहेर झिरपते आणि त्या साखरेवर जमिनीतल्या बुरशा तुटून पडतात. कोरड्यात टोकून वरून पाणी सोडण्याची पद्धत साध्या मक्याला चालते, स्वीट कॉर्नला ती मारक ठरते, ती यामुळेच. आधी पाणी देऊन वाफशावर, अडीच-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल न जाता टोकण करा. नुसत्या या बदलाने उगवण कशी सुधारते ते तुम्हाला पहिल्याच हंगामात दिसेल.

पण मशागत सुधारूनही जो भाग उरतो तो वाणाचा असतो, आणि तो निवडीने बराच सुधारतो. त्यासाठी मी एक गोष्ट आग्रहाने सांगेन: निवडीच्या प्लॉटमध्ये बुरशीनाशक लावलेलं बी पेरू नका. विक्रीच्या पिकाला थायरम किंवा कॅप्टन जरूर लावा. पण निवड करताना बियाला बियाच्या जिवावर उगवू द्या. गटातली सर्वांत चांगली, निचऱ्याची जमीनही या कामाला नको. जिथे पाऊस झाल्यावर वर पापुद्रा धरतो अशी जमीन घ्या आणि खरिपातच पेरा. दहाव्या दिवशी प्रत्येक ओळीतली रोपं मोजा. पंधराव्या दिवशी पुन्हा फिरा आणि रोपांची उंची, पानांची रुंदी, रंग बघा. कणीस कितीही देखणं असो, ज्या कुटुंबाची, म्हणजे एका कणसाच्या बियातली, रोपं इथे मागे पडली ते कुटुंब इथेच वगळायचं. जीव कळवळतो, पण ही चाळणी ढिली केली तर पुढचं सगळं फुकट जातं.

यात एक सापळा आहे आणि अनुभवी शेतकरी त्यात जास्त सापडतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण बी धरताना भरलेला, वजनदार, टपोरा दाणा निवडत आलो. ज्वारी असो, हरभरा असो, ते बरोबरच आहे. एसएच-२ मध्ये मात्र भरलेला टपोरा दाणा म्हणजे बहुतेक वेळा साध्या मक्याच्या परागाने झालेला, पिठूळ जनुक घेऊन आलेला दाणा. तो उगवणार उत्तम, रोप जोमदार, म्हणजे उगवणीच्या निवडीत तोच पुढे येणार. दोन-तीन पिढ्यांत तुमच्या उगवणीचे आकडे सुधारलेले दिसतील आणि वाण हळूहळू साधा मका होत गेलेला असेल. म्हणून पेरणीआधी बी पांढऱ्या कापडावर पसरा आणि भरीव दाणे एकेक करून वेचून काढा, कोंबड्यांना घाला. राहिलेल्या सुरकुतलेल्या दाण्यांत जे चांगले उगवतील तेच आपले. ज्या कणसात असे भरीव दाणे खूप आहेत ते कणीसच बाद करा. हे काम बारीक नजरेचं आहे. दाणे निवडण्याचा हात ज्यांना आहे अशा घरातल्या बायका ते पुरुषांपेक्षा कितीतरी नेमकं करतात, हे मी अनेक गावांत पाहिलंय. त्यांना या कामात नुसतं मजुरीपुरतं ठेवू नका. निवडीच्या निर्णयात घ्या.

दुसरी अडचण स्वीट कॉर्नची खास आहे. ज्या कणसाची चव बघायची ते मिशी आल्यापासून विसाव्या-एकविसाव्या दिवशी तोडावं लागतं, आणि तोडलं की त्याचं बी गेलं. बी हवं तर कणीस झाडावर पुरतं पिकू द्यावं लागतं, आणि मग चव कळत नाही. शेतातलं उत्तम कणीस बियाला ठेवायचं ही साधी रीत म्हणून इथे चालत नाही. तिने तुम्ही फक्त दिसण्यावर निवड कराल.

यावर उपाय म्हणजे बी राखून ठेवणं. कसं ते सांगतो, कारण तुमच्या कार्यक्रमाचा कणा हाच आहे.

सुरुवातीला सहा ते आठ स्रोत जमवा: बाजारात तुमच्याकडे टिकलेले चार-पाच संकरित वाण आणि सार्वजनिक संस्थांचे एक-दोन. माधुरी आणि प्रिया हे हैदराबादेत तयार झालेले संमिश्र वाण (अनेक स्रोतांच्या मिसळीतून घडलेले) जुने असले तरी इथल्या हवेला सरावलेले आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा कोल्हापूरला मका सुधार प्रकल्प आहे आणि लुधियानाला भारतीय मका संशोधन संस्था. दोन्हीकडे विचारा, अर्ज करा, पाठपुरावा करा. जमवलेला प्रत्येक स्रोत तुमच्या खात्रीच्या एसएच-२ वाणाशी हाताने जोडून बघा. दाणे सुरकुतलेले आले तर जनुक एकच. भरीव आले तर जनुक वेगळा, तो स्रोत बाजूला ठेवा. ही चाचणी एका हंगामाची आहे आणि तिच्यावाचून पुढे जाऊ नये. मग सगळे स्रोत आपसांत मिसळू द्या. दोन पिढ्या तरी निवड न करता मोकळं परागण होऊ दिलं की वेगवेगळ्या वाणांचे गुण एकमेकांत मुरतात.

त्या मिसळीतून चांगल्या झाडांची दोनशे कणसं घ्या. प्रत्येक कणीस म्हणजे एक कुटुंब. त्याचं बी वेगळ्या पाकिटात, त्यावर क्रमांक. कणसातले चाळीस-पन्नास दाणे पेरायचे आणि उरलेले घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवायचे. खरिपात प्रत्येक कुटुंबाच्या चार-चार मीटरच्या दोन ओळी, शेताच्या दोन वेगळ्या भागांत. सगळं मिळून पंधरा गुंठ्यांत बसतं. या प्लॉटमधून बी धरायचंच नाही, त्यामुळे शेजारी कोणाचा मका आहे याची चिंता नाही. उगवण मोजा, करपा बघा, कणसं तोडा, उकडा, खा. ज्या वीस-पंचवीस कुटुंबांनी सगळ्या चाळण्या पार केल्या त्यांची राखून ठेवलेली पाकिटं रब्बीत बाहेर काढा.

रब्बीचा प्लॉट मात्र एकांतात, म्हणजे दुसऱ्या मक्यापासून लांब हवा. तिथे निवडलेल्या प्रत्येक कुटुंबाची एकेक मादी ओळ लावा. दर तीन-चार ओळींनंतर एक नर ओळ, जिच्यात सगळ्या निवडलेल्या कुटुंबांचं बी सारख्या प्रमाणात मिसळलेलं. मादी ओळींचे तुरे पराग सुटायच्या आत, रोज सकाळी फिरून उपटायचे. बी फक्त मादी ओळींवरून घ्यायचं. प्रत्येक ओळीत सरळ उभी, निरोगी, चांगल्या पाल्याची आठ-दहा झाडं निवडली की पुन्हा दोनशे कणसं हातात येतात, आणि पुढचा खरीप सुरू. अशी तीन आवर्तनं झाली की तुमच्याकडे तुमच्या मातीत घडलेला संमिश्र वाण असेल. निवडलेली कुटुंबं वीसच्या खाली नेऊ नका. फार थोडी घेतली तर नात्यातलं परागण वाढतं आणि मका ते सहन करत नाही. झाडं ठेंगणी होतात, कणसं आखडतात.

ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. अमेरिकेत मिनेसोटातले सेंद्रिय शेतकरी मार्टिन डिफ्ली, विस्कॉन्सिन विद्यापीठाचे बिल ट्रेसी आणि ऑरगॅनिक सीड अलायन्स ही संस्था यांनी मिळून शेतकऱ्याच्याच रानात निवड करत एक सरळ वाण घडवला आणि २०१४ मध्ये प्रसारित केला. त्यांची अडचण थंड ओल्या मातीत उगवणीची होती, आपली उबदार ओल्या मातीत. रासायनिक बीजप्रक्रियेवाचून उगवणारं बी हवं होतं आणि बाजारात ते मिळत नव्हतं. त्या वाणाचं बी शेतकरी घरी धरू शकतो. शेतकरी आणि पैदासकार दोघेही एकाच प्लॉटमध्ये उभे राहून निवड करतात तेव्हा काय होऊ शकतं, याचं हे माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण.

एकांताबद्दल थोडं. बियाण्याच्या प्लॉटपासून चारशे मीटरपर्यंत दुसरा मका नको. येवला, मालेगाव, सिन्नर भागात खरिपात हे अशक्यच आहे, बांधाला बांध लागून मका असतो. अंतर जमत नसेल तर वेळ साधा: शेजाऱ्यांच्या आणि तुमच्या फुलोऱ्यात तीन-चार आठवड्यांचा फरक पडेल अशी पेरणी करा. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा काळ मला बियाण्यासाठी आवडतो. फुलोरा थंडीत येतो, बी कोरड्या हवेत पिकतं. उशीर करून फुलोरा एप्रिल-मेमध्ये नेऊ नका. चाळिशीच्या आसपास तापमान गेलं की पराग वाळतो, मिशा करपतात आणि कणसात निम्मे दाणे भरतच नाहीत.

चव कशी बघायची हे लोक हसण्यावारी नेतात, पण यातच निवडी चुकतात. कुटुंबं एकाच दिवशी फुलत नाहीत. सगळ्यांची कणसं एका दिवशी तोडून खाल्ली तर उशिरा फुललेलं कुटुंब नेहमीच कोवळं आणि गोड लागणार. म्हणून ओळीतल्या निम्म्या झाडांना मिशा आल्या की त्या तारखेची चिठ्ठी खुंटीला बांधा आणि प्रत्येकाची चव त्याच्या विसाव्या-एकविसाव्या दिवशी घ्या. कणसं सकाळी लवकर तोडा, सगळी सारखा वेळ वाफवा, मीठ-मसाला काही नको. एका बैठकीत आठ-दहांहून जास्त नमुने नकोत, जिभेला पुढचं कळत नाही. चाखणाऱ्यांत दोन-तीन बायका, एखादा व्यापारी आणि थोडी मुलं असू द्या.

रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसाचा ब्रिक्स आकडा दाखवणारं यंत्र घ्या, पण त्याच्यापुढे मान तुकवू नका. ब्रिक्सचा आकडा पाण्यात विरघळलेल्या सगळ्याच पदार्थांचा असतो. एसयू-१ च्या दाण्यात विरघळणारं पण गोड नसलेलं एक पिष्ट भरपूर असतं, त्यामुळे त्याचा ब्रिक्स एसएच-२ पेक्षा जास्त दिसू शकतो आणि जीभ उलट सांगते. एकाच जनुकाच्या कुटुंबांची आपसात तुलना करायला हे यंत्र ठीक.

गोडव्यापेक्षा मी सालीवर जास्त वेळ घालवतो. खाताना दातात चिपाडं अडकतात ती या सालीची. उष्ण प्रदेशातल्या मक्याची साल मुळात जाड, कारण तिथे किडीपासून आणि बुरशीपासून दाणा वाचवायला ती लागते. साध्या मक्याच्या इथल्या जातींत एसएच-२ आणला की गोडवा येतो पण साल तशीच राहते, आणि ग्राहक एकदा घेऊन परत येत नाही. साल पातळ करत गेलो तर वाळताना ती फाटते आणि उगवण घसरते. या दोन टोकांमध्ये तुमचा वाण नेमका कुठे बसवायचा हे ठरवणं म्हणजेच स्वीट कॉर्नची पैदास. माझा कौल असा: उगवणीची चाळणी आधी लावा, आणि त्यातून उरलेल्यांत सगळ्यात कोवळी साल निवडा. उलट क्रमाने गेलात तर खायला अप्रतिम आणि पेरायला निरुपयोगी असं काहीतरी हाती येतं. अशा ओळी संशोधन केंद्रांच्या फडताळात पुष्कळ पडून आहेत.

कणसाचं बाकी रूप तुमचा व्यापारी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. टोकाच्या पुढे दोन बोटं पाला असावा. तो घट्ट असेल तर पोपट, अळी आणि पावसाचं पाणी आत जात नाही. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी देशात आल्यापासून तर घट्ट पाल्याचं मोल फारच वाढलंय. पाल्याचा रंग गडद हिरवा, टोक भरलेलं, ओळी सरळ. दाणे काढून गोठवणाऱ्या कारखान्याला माल द्यायचा असेल तर दाण्याची खोली बघा, म्हणजे बुरकुंड बारीक हवं.

एक गुण मात्र व्यापारी सांगणार नाही, तो तुमच्या गोठ्याचा आहे. स्वीट कॉर्नचं कणीस तोडलं तेव्हा झाड हिरवंगार असतं. जनावरं असलेल्या घरात त्या चाऱ्याचा, मुरघासाचा हिशेब कणसांच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा असतो. तोडणीच्या दिवशी खालची पानंही हिरवी असणारी कुटुंबं वेगळी नोंदवा. गंमत म्हणजे हेच झाड करप्यालाही सहसा चांगलं टिकतं, कारण करपा खालच्या पानांपासूनच वर चढतो. करप्यासाठी एखाद्या मोठ्या जनुकाच्या मागे लागण्यापेक्षा पावसाळी भागात, रोग आपोआप येऊ देऊन थोडं थोडं निवडत गेलेलं जास्त टिकतं. गटातलं कोणी इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला असेल तर निवडीचा एक छोटा प्लॉट तिकडे टाका.

संकरित वाण स्वतः करायचा का, हाही प्रश्न पुढे येईलच. एकसारखी कणसं, एकाच वेळी तोडणी, कारखान्याशी करार, हे सगळं हवं असेल तर संकरितला पर्याय नाही, संमिश्र वाण तिथे कमी पडतो. पण त्यासाठी सहा-सात पिढ्या स्वपरागण करून शुद्ध ओळी काढायच्या, मिशी बाहेर येण्याआधी प्रत्येक कणसाला बटर पेपरची पिशवी घालायची, तुऱ्यावर कागदी पिशवी बांधून सकाळी पराग टिपायचा, मग त्या ओळींच्या जोड्या लावून तीन-चार ठिकाणी चाचण्या घ्यायच्या. सात-आठ वर्षं आणि सतत हाताशी असणारा एक शिकलेला माणूस लागतो. शिवाय गोड मादी ओळींचं बीजोत्पादन फार कमी येतं. दुकानातलं बी महाग असण्याचं तेही एक खरं कारण आहे. माझा सल्ला असा: संमिश्र वाण स्वतः घडवा आणि संकरितासाठी सार्वजनिक संस्थेच्या वाणाचे पालक परवान्याने घेऊन त्याचं बीजोत्पादन गटात करा. तुरे काढण्याचा सराव तुम्हाला रब्बीच्या प्लॉटमध्ये झालेलाच असेल.

कायद्याची भीती बाळगू नका, पण तो वाचा. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी धरण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. नोंदणीकृत वाण नवा वाण घडवायला सुरुवातीचा स्रोत म्हणून वापरायलाही मुभा आहे. मनाई आहे ती कुणाच्या नोंदणीकृत वाणाला पालक म्हणून पुन्हा पुन्हा वापरून व्यापारी बियाणं काढण्याला. त्याला मालकाची परवानगी लागते. तुमच्या योजनेत सगळे स्रोत मिसळून, निवडून झाडांचा नवा समूह तयार होतो, म्हणून ती योजना या मुभेत बसते. वाण स्थिर झाला की गटाच्या नावाने शेतकरी वाण म्हणून नोंदणीचा अर्ज करता येतो. त्यासाठी पहिल्या दिवसापासून वही ठेवा: कोणता स्रोत कुठून आणला, कोणत्या हंगामात काय निवडलं आणि का.

शेवटी बियाणं काढण्या-साठवण्याचं, कारण वाणाच्या नावावर फोडलं जाणारं खापर बऱ्याचदा या टप्प्याचं असतं. एसएच-२ ची बियाची कणसं झाडावर पार वाळेपर्यंत ठेवू नका. गोड दाण्यावर बुरशी लवकर येते. पाला पिवळा पडून दाणा सुरकुतायला लागला की तोडा, लगेच सोला आणि हवेशीर सावलीत पसरून हळूहळू वाळवा. यंत्राने गरम हवा द्यायची तर ती चाळीस अंशांच्या वर जाऊ देऊ नका. मळणी यंत्रात घालू नका, दाणे हाताने सोडवा, कारण पातळ साल तिथेच फुटते. ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर आला की हवाबंद डब्यात, थंड जागी. साध्या मक्याचं बी दुसऱ्या वर्षीही निभावून नेतं, हे नेत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत उघड्या पोत्यात राहिलं तर पुढच्या पेरणीला निम्मंही उगवणार नाही. म्हणून दरवर्षी पेरणीच्या महिनाभर आधी शंभर दाणे ओल्या मातीच्या ट्रेमध्ये लावून बघा. गोणपाटात किंवा कागदात केलेली चाचणी या पिकाला फसवी ठरते, तिथे सगळंच उगवतं.

तुमच्या पहिल्या वर्षाचं काम असं धरा: या खरिपात स्रोत जमवून हाताने जोडण्या करून जनुकाची खात्री, आणि नोव्हेंबरात पहिली मिसळ. त्यासाठी एकांताची जागा आत्ताच शोधून, शेजाऱ्यांशी बोलून ठेवा. रब्बीत ते काय लावणार आहेत हे पेरणीआधी कळलं तरच उपयोग.